मंदगती आणि मिश्रण : जुन्या मोटारसायकलच्या चोंदलेल्या कार्ब्युरेटरविषयी

रस्त्यावर भरधाव चालणारी, घाटातही दम न सोडणारी जुनी मोटारसायकल चौकात मूठ सोडताच दोनचार आचके देऊन विझते, हा प्रकार अशा गाड्या बाळगणाऱ्यांच्या चांगला परिचयाचा आहे. गॅरेजमधील कारागिराचे यावरील निदान ठरलेले असते : “कार्ब्युरेटरमध्ये कचरा आहे.” हे निदान बहुधा खरेही ठरते. परंतु त्यातून एक प्रश्न उत्पन्न होतो, आणि तो गॅरेजमध्ये सहसा कोणी विचारीत नाही. कचरा जर कार्ब्युरेटरमध्ये आहे, तर तो पूर्ण वेगात का नडत नाही? ज्या यंत्राला ताशी साठ मैलांच्या वेगास पुरेल इतके पेट्रोल मिळते, त्याला नुसते जागच्या जागी फिरत राहण्यापुरते पेट्रोल का मिळू नये? या प्रश्नाचे उत्तर द्रवगतिकीच्या प्राथमिक नियमांत सापडते. ते एकदा नीट समजले म्हणजे सफाई कशी करावी, आणि विशेषतः कशी करू नये, हेही आपोआप स्पष्ट होते.

विवेचन नेमके व्हावे म्हणून एक विशिष्ट यंत्र डोळ्यांपुढे ठेवू. ते म्हणजे बिडाच्या सिलिंडरची एन्फील्ड बुलेट ३५०. मद्रास येथे १९५५ साली एन्फील्ड इंडियाची स्थापना झाल्यापासून अर्धशतकाहून अधिक काळ ही गाडी मूळच्या आराखड्यात फारसा फेरफार न होता तयार होत राहिली. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर आणि घनफळ ३४६ घनसेंटिमीटर. जुन्या गाड्यांवर ब्रिटिश घडणीचा अमल कार्ब्युरेटर असे. पुढे मिकुनीच्या धर्तीचा मिकार्ब आला. दोहोंची रचना तत्त्वतः एकच आहे. १ एप्रिल २०२० पासून भारतात नवीन वाहनांना भारत स्टेज सहाचे निर्बंध लागू झाले आणि बुलेटवरील कार्ब्युरेटरची जागा इंधन-अंतःक्षेपणाने घेतली. म्हणजे आता रस्त्यावर असलेली प्रत्येक कार्ब्युरेटरयुक्त बुलेट ही जुनीच गाडी होय, आणि तिचे सुटे भाग दिवसेंदिवस अस्सल मिळण्याऐवजी ‘चालून जातील’ असेच अधिक मिळू लागले आहेत. ही बाब पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

या कार्ब्युरेटरात हवेच्या वाटेवर एक वरखाली सरकणारी दंडगोल स्लाइड असते. मूठ पिळली की ती तारेने वर उचलली जाते. स्लाइडच्या तळाशी एक निमुळती सुई लोंबत असून ती खालच्या नीडल जेटमध्ये शिरलेली असते. स्लाइड जसजशी वर येते तसतसा सुईचा बारीक भाग जेटच्या तोंडाशी येतो, भोवतीची कंकणाकार फट रुंदावते आणि मेन जेटमधून येणारे पेट्रोल वाढत्या प्रमाणात हवेत मिसळते. मूठ सोडल्यावर मात्र सुईचा जाड, समव्यास भाग जेटमध्ये बसतो आणि हा मुख्य मार्ग जवळजवळ मिटतो. त्या वेळी एंजिनाला पोसण्याचे काम एका स्वतंत्र, अतिशय अरुंद मार्गाकडे येते. फ्लोटच्या वाटीतून पायलट जेट, तेथून शरीरात कोरलेली बारीक वाट, त्या वाटेत कार्ब्युरेटरच्या मुखाकडून येऊन मिळणारी थोडी हवा, आणि शेवटी स्लाइडच्या पलीकडे, म्हणजे एंजिनाच्या बाजूस, उघडणारे सुईच्या टोकाएवढे छिद्र, असा हा मार्ग आहे. स्लाइड मिटलेली असल्यामुळे तिच्या पलीकडे दाब वातावरणाहून बराच कमी असतो, आणि त्या दाबफरकामुळेच पेट्रोल या वाटेने ओढले जाते.

आता थोडा हिशेब करू. मंदगतीत एंजिन मिनिटास १,००० फेरे घेते असे धरले, तर चतुर्धाव एंजिनात मिनिटाला ५०० वेळा हवा आत घेतली जाईल. प्रत्येक वेळी सिलिंडर पूर्ण भरला असता तर ही हवा १७३ लिटर झाली असती. परंतु स्लाइड मिटलेली असल्यामुळे भरणा जेमतेम पावपट होतो. तो ४५ लिटर धरू. आपल्याकडील उन्हाळी हवेची घनता लिटरला सुमारे १.१६ ग्रॅम आहे, म्हणजे ही हवा सुमारे ५२ ग्रॅम झाली. मंदगतीस मिश्रण काहीसे सघन लागते, म्हणून १३ भाग हवेस १ भाग पेट्रोल असे प्रमाण घेतल्यास मिनिटाला ४ ग्रॅम, म्हणजे ५ घनसेंटिमीटरांहून किंचित अधिक पेट्रोल पुरते. ५०० भागांत वाटल्यावर प्रत्येक खेपेस एक शतांश घनसेंटिमीटर येते. पाण्याचा सामान्य थेंब एकविसांश घनसेंटिमीटरचा मानतात. तेव्हा एंजिन जिवंत ठेवणारी ही मात्रा थेंबाच्या एकपंचमांशाएवढी आहे! हेच एंजिन पूर्ण मुठीवर मिनिटास ८० घनसेंटिमीटरांच्या आसपास पेट्रोल पिते. पंधरा-सोळा पटींचा हा फरक लक्षात घेतला म्हणजे दोन वेगळे मार्ग का ठेवावे लागले याविषयी शंका राहू नये.

एवढी अल्प मात्रा मोजून देण्यासाठी पायलट जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान ठेवावे लागते. ते ०.४ मिलिमीटर आहे असे समजून, त्याच्या आतील भिंतीवर सर्वत्र ०.०२ मिलिमीटर जाडीचा लेप बसला असे मानू. माणसाच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच हा लेप होय. छिद्राचा व्यास आता ०.३६ मिलिमीटर, म्हणजे मूळच्या नऊदशांश झाला. प्रवाह किती घटेल? छिद्र अगदी आखूड असते, तर प्रवाह क्षेत्रफळाच्या, म्हणजे व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात राहिला असता आणि सुमारे १९ टक्क्यांनी घटला असता. उलट छिद्र लांब नळीसारखे असते, तर हागेन व प्वाझेय यांच्या नियमानुसार तो व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून राहिला असता आणि ३४ टक्क्यांनी घटला असता. वरील प्रवाहासाठी रेनॉल्ड्स अंक चारशेच्या थोडा वर येतो, म्हणजे प्रवाह स्तरीय आहे. परंतु जेट इतका आखूड असतो की प्रवेशाचा परिणाम दुर्लक्षिता येत नाही. सबब प्रत्यक्ष घट या दोन मर्यादांच्या मध्ये कोठेतरी पडेल. मिश्रणाचे प्रमाण त्यामुळे १३ वरून १६ ते जवळजवळ २० पर्यंत विरळ होईल. मंदगतीत सिलिंडरमध्ये आधीच्या ज्वलनाचे वायू मोठ्या प्रमाणात उरलेले असतात, त्यामुळे एवढे विरळ मिश्रण ठिणगीने पेटण्याची खात्री राहत नाही. काही खेपा फुकट जातात आणि एंजिन विझते.

हाच लेप एक मिलिमीटर व्यासाच्या मेन जेटवर बसला तर व्यासाच्या वर्गाच्या हिशेबाने प्रवाह केवळ ८ टक्क्यांनी घटेल. रस्त्यावर धावताना ही घट चालकाच्या ध्यानातही येणार नाही. कार्ब्युरेटर सर्वत्र सारखाच मळलेला असूनही विकार एकट्या मंदगतीतच का प्रकट होतो, याचे उत्तर हे होय. पायलट जेट हा त्या यंत्रातील सर्वांत संवेदनशील मापक आहे. तो आधी बोलतो एवढेच.

हा लेप येतो कोठून? पेट्रोलमध्ये असंतृप्त हायड्रोकार्बने असतात. त्यांपैकी दुहेरी बंधांची जोडी असणारी, म्हणजे डायीन वर्गातील, संयुगे हवेतील ऑक्सिजनाशी सावकाश संयोग पावून प्रथम पेरॉक्साइडे बनवितात, आणि पुढे त्यांच्या शृंखला वाढून डिंकासारखा पिवळसर, चिकट पदार्थ तयार होतो. शुद्धिकरण-कारखान्यात घातलेली प्रतिऑक्सिडीकारके ही क्रिया रोखून धरतात, तथापि ती कालांतराने खर्ची पडतात. फ्लोटची वाटी वातावरणास उघडी असते. गाडी उभी राहिली की तिच्यातील हलके अंश प्रथम उडून जातात आणि डिंक तळाशी साठत जातो. येथेही मात्रेचा विचार उद्बोधक आहे. तीन मिलिमीटर लांबीच्या जेटमधील वर वर्णिलेल्या लेपाचे घनफळ काढले, तर त्याचे वजन एक मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरते. प्रमाणित पेट्रोलमध्येही १०० घनसेंटिमीटरांमागे काही मिलिग्रॅम डिंक ग्राह्य मानला जातो. म्हणजे वाटीभर चांगले पेट्रोल एकदाच संपूर्ण सुकले, तरी जेट निकामी करण्यास पुरेसा माल त्यात आहे. पेट्रोलमध्ये भेसळ होती, हा सार्वत्रिक आरोप म्हणूनच दर वेळी खरा मानण्याचे कारण नाही.

अलीकडच्या काळात या विषयास आणखी एक बाजू आली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल भारतात २०२३ पासून विक्रीस येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर रूढ झाले. उसाच्या मळीचा व रसाचा इथेनॉलशी असलेला संबंध महाराष्ट्रातील वाचकांस सांगावयास नको. इथेनॉलचे तीन गुण येथे विचारात घेतले पाहिजेत. ते हवेतील बाष्प शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून विभक्त होतात आणि वाटीच्या तळाशी, म्हणजे नेमके जेटांच्या तोंडाशी, जाऊन बसतात. कोकणात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या वाटीत पांढरी, खडूसारखी भुकटी सापडते, ती या पाण्याने मिश्रधातूवर केलेल्या क्षरणाची साक्ष होय. दुसरे असे की, इथेनॉल हा चांगला द्रावक असल्यामुळे टाकीच्या भिंतीवर वर्षानुवर्षे चिकटून राहिलेला जुना मळ तो सोडवितो आणि खाली पाठवितो. तिसरा गुण रासायनिक गणिताचा आहे. पेट्रोलच्या एका भागास पूर्ण ज्वलनासाठी हवेचे सुमारे १४.६ भाग लागतात, इथेनॉलास केवळ ९; वीस टक्के मिश्रणास त्यामुळे सुमारे १३.४ भाग पुरतात. जेट तेच ठेवले तर मिश्रण या तुलनेने आठ टक्क्यांनी विरळ होते. अर्थात अगदी स्वच्छ कार्ब्युरेटर असलेली जुनी गाडीही आज विझण्याच्या सीमेच्या थोडी जवळ सरकलेली आहे, आणि पूर्वी खपून गेला असता असा पातळ लेपही आता खपत नाही.

परंतु मंदगती बिघडली म्हणजे दोष कार्ब्युरेटरचाच, असे गृहीत धरून पाना हाती घेणे योग्य नव्हे. कार्ब्युरेटर व सिलिंडरच्या मधल्या जोडातून बाहेरची हवा आत शिरत असेल, तरी मिश्रण असेच विरळ होते. झडपांचे अंतर चुकलेले असणे, काँटॅक्ट पॉइंट झिजलेले असणे, ही कारणेही संभवतात. यांतून निवड करण्याच्या दोन सोप्या परीक्षा आहेत. एंजिन गरम असताना चोक थोडा लावून पाहावा. त्यामुळे मंदगती टिकली, तर मिश्रण विरळ होते हे सिद्ध झाले. मग एअर स्क्रू सावकाश आत व बाहेर फिरवावा. एंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडत नसेल, तर पायलट मार्ग मृतप्राय आहे असे खुशाल समजावे. फरक पडतो पण स्क्रू जवळजवळ पूर्ण आत न्यावा लागतो असे दिसले, तर मार्ग अंशतः चोंदलेला आहे किंवा जोडातून हवा येते आहे. जोडाभोवती ग्रीसचा जाड थर चोपडून पाहिल्यास या दोहोंतील भेद कळतो. काही जण या कामी तापलेल्या एंजिनावर पेट्रोल शिंपडतात. ते निव्वळ आगीस आमंत्रण होय.

येथे एका रूढ उपचाराविषयी लिहिणे अवश्य वाटते. गाडी विझते म्हटल्याबरोबर पुष्कळ ठिकाणी स्लाइडचा स्क्रू आवळून ‘रेस वाढवून’ दिली जाते. त्याने गाडी विझावयाची थांबते हे खरे. कारण स्लाइड उचलल्याने सुईचा मार्ग थोडा उघडतो आणि मुख्य व्यवस्था पायलटचे काम करू लागते. रोग तसाच राहतो, पेट्रोल अधिक जळते, आणि मूठ सोडल्यावर एंजिनाचा जो अवरोध चालकास उतारावर मिळावयाचा तो कमी होतो. घाटरस्त्यावर ही गोष्ट क्षुल्लक नाही.

प्रत्यक्ष सफाईच्या वेळी पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी करावी आणि तिच्यातील गाळ फेकून देण्यापूर्वी पाहावा. तांबूस कण असतील तर तो टाकीतील गंज आहे, आणि टाकी व कॉकची जाळी साफ केल्यावाचून बाकीचे श्रम व्यर्थ आहेत. एअर स्क्रू काढण्यापूर्वी तो किती वेढ्यांवर होता हे मोजून टिपून ठेवावे. मोजताना तो बैठकीवर हलकेच टेकवावा, दाबू नये, कारण त्याचे टोक व त्याची बैठक दोन्ही नाजूक असतात. जेट पितळेचे असल्यामुळे खाचेत नीट बसणारा रुंद स्क्रू ड्रायव्हरच वापरावा. अमलच्या १९६७ साली आलेल्या कॉन्सेंट्रिक कार्ब्युरेटरच्या पुष्कळ नगांत पायलटचे छिद्र शरीरातच ठोकून बसविलेले असते व ते बाहेर निघत नाही. तेथे अधिकच जपून वागावे लागते. सुटे भाग द्रावकात भिजत ठेवावेत आणि मग प्रत्येक वाटेत दोन्ही बाजूंनी दाबाची हवा मारावी. डिंकावर उपयोगी पडतात ती सेंद्रिय द्रावके. क्षरणाची पांढरी भुकटी त्यांत विरघळत नाही. ती अम्लात विरघळते, पण अम्ल कार्ब्युरेटरच्या मिश्रधातूसही सोडीत नाही. तेव्हा तीव्र अम्लाचा प्रयोग टाळावा हे बरे.

आजकाल स्वनातीत लहरींच्या कुंडाचा पुष्कळ बोलबाला आहे. त्याचे कार्य कसे होते हे पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांस रुचेल. ४०,००० हर्ट्झच्या लहरींनी द्रवात सूक्ष्म बुडबुडे उत्पन्न होतात, ते वाढतात आणि कोसळतात. कोसळताना निर्माण होणारे सूक्ष्म झोत पृष्ठभागावरील मळ उखडतात. मिनार्टने १९३३ साली दिलेल्या सूत्रानुसार या वारंवारतेस अनुनाद पावणाऱ्या बुडबुड्याची त्रिज्या सुमारे ०.०८ मिलिमीटर, म्हणजे व्यास ०.१६ मिलिमीटर येतो. ०.४ मिलिमीटरच्या छिद्रात तो मावतो, पण फार मोकळेपणाने नव्हे. यावरून हे साधन बारीक छिद्रांत मोकळ्या पृष्ठभागाइतके प्रभावी नसावे, असा तर्क करता येतो. त्याहून मोठी अडचण अगदी साधी आहे. आंधळ्या भोकात हवा अडकून राहिली तर तेथे द्रवच पोहोचत नाही, मग बुडबुडे कोठून येणार? यासाठी कार्ब्युरेटर कुंडात ठेवताना निरनिराळ्या बाजूंस कलता करून आतील हवा निघू द्यावी. एवढी काळजी घेतल्यास हे साधन खरोखर उपयुक्त आहे.

जेटमधून तार घालावी की नाही, हा वादाचा विषय आहे. माझ्या मते पोलादी तार कधीही घालू नये. व्यास ०.४० वरून ०.४२ मिलिमीटर झाला, तरी प्रवाह कमीत कमी दहा टक्क्यांनी वाढतो आणि ही हानी भरून येत नाही. विजेच्या लवचिक वायरमधील तांब्याचा एक केस पितळेहून मऊ असतो; अगदीच गरज पडल्यास तो वापरावा. जेट उजेडाकडे धरून पाहण्याची पद्धत सर्वत्र आहे, परंतु तिची मर्यादा ओळखली पाहिजे. पलीकडचा उजेड दिसला म्हणजे छिद्र बुजलेले नाही एवढेच कळते, ०.४० आणि ०.३६ मिलिमीटरांतील फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि आपला सारा प्रश्न त्या फरकाचाच आहे.

हा फरक मोजण्याचे साधन आपल्या प्रत्येक प्रयोगशाळेत आहे. ते म्हणजे ब्युरेट. ब्युरेटच्या खालच्या टोकास रबराच्या नळीने जेट जोडावा, त्याची दिशा प्रत्यक्षात असते तीच ठेवावी, आणि वरच्या एका ठराविक खुणेपासून खालच्या ठराविक खुणेपर्यंत पातळी उतरण्यास लागणारा वेळ मोजावा. पातळी घसरत असल्याने दाब बदलत जातो, पण दोन जेटांची तुलना त्याच दोन खुणांमध्ये केल्यास त्याची बाधा येत नाही. द्रव म्हणून पेट्रोल घेण्याचे कारण नाही. ३० अंश तापमानास पाण्याची शुद्धगतिक श्यानता सुमारे ०.८ सेंटिस्टोक असून ती पेट्रोलच्या बरीच जवळ आहे. रॉकेलची तिच्याहून दुपटीच्या घरात जाते. म्हणून सुरक्षित वाटणाऱ्या रॉकेलपेक्षा पाणीच येथे अधिक योग्य ठरते. अर्धा मीटर उंचीच्या स्तंभाखाली २५ घनसेंटिमीटर पाण्यास सुमारे दीड मिनिट लागावे. म्हणजे साध्या स्टॉपवॉचनेही एक टक्क्याचा फरक पकडता येतो. त्याच क्रमांकाच्या कोऱ्या अस्सल जेटशी तुलना करावी, आणि बाजारातून आणलेले पर्यायी जेटही बसविण्यापूर्वी असेच तपासावेत. अमलचे मेन जेट मिनिटास किती घनसेंटिमीटर प्रवाह देतात यावरूनच क्रमांकित केले जात, हे येथे स्मरणीय आहे. छिद्राच्या मापापेक्षा प्रवाहाचे माप अधिक विश्वसनीय, ही दृष्टी त्यामागे होती.

सर्व भाग जोडल्यावर एअर स्क्रू बैठकीपासून दीड वेढा बाहेर ठेवून एंजिन चांगले तापू द्यावे. स्लाइडच्या स्क्रूने गती थोडी वाढवून मग एअर स्क्रू हळूहळू फिरवीत ज्या स्थानी गती सर्वाधिक होईल ते शोधावे; नंतर गती खाली आणावी आणि पुन्हा एकवार तेच करावे. या दोन्ही कार्ब्युरेटरांत हा स्क्रू हवेच्या वाटेवर असल्याने तो आत नेला की मिश्रण सघन होते. एंजिनाच्या बाजूस स्क्रू असलेल्या कार्ब्युरेटरांत याच्या उलट घडते, आणि दोहोंची गल्लत फार होते. सर्वोत्तम स्थान अर्ध्या वेढ्याच्याही आत येत असेल आणि ब्युरेटने जेट निर्दोष ठरविला असेल, तर इथेनॉलमुळे आलेली विरलता भरून काढण्यासाठी पायलट जेट एक क्रमांक मोठा घ्यावा. त्यासाठी जुना जेट कोरून मोठा करू नये. तो जपून ठेवावा, कारण पुढील तुलनेस प्रमाण म्हणून तोच उपयोगी पडतो. गाडी महिनाभराहून अधिक काळ उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून एंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे आणि वाटीचा तळस्क्रू सोडून उरलेले चमचाभर पेट्रोल काढून टाकावे. एंजिन थांबले तरी वाटी पूर्ण रिकामी झालेली नसते.